रस्त्याचे भाडे आणि सिग्नलचा मान



रस्ता ही वस्तू फुकट मिळते, अशी आपणा सर्वांची समजूत असते. पाण्याची पट्टी येते, विजेचे बिल येते, आगगाडीत बसावयाचे तर तिकीट काढावे लागते. पण घराच्या उंबऱ्याखाली उतरून रस्त्यावर पाऊल ठेवताना कोणी आपल्यापुढे हात पसरीत नाही. म्हणून रस्त्याला किंमत नाही असे वाटते. वस्तुतः ह्या मुंबई बेटावर रस्त्याइतकी दुर्मिळ वस्तू दुसरी नाही. पाणी तानसा-वैतरण्याहून आणता येते, वीज घाटावरून आणता येते; रस्ता मात्र दुसरीकडून आणता येत नाही. आहे तेवढाच सर्वांनी वाटून घ्यावयाचा.

वाटून घ्यावयाचे म्हटले की दोन प्रश्न उभे राहतात. पहिला, रस्त्याचा खर्च कोणी द्यावयाचा? दुसरा, रस्त्यावर आधी कोणी जावयाचे? पहिल्याचे उत्तर आपण कर, पट्टी, टोल ह्या शब्दांत देतो. दुसऱ्याचे उत्तर चौकातला सिग्नल देतो. दुकानात आणि घराघरांत माल पोचविणाऱ्या गाड्यांच्या संदर्भात ह्या दोन्ही प्रश्नांचा विचार आज करावयाचा आहे. आमचे शिक्षण शाळेत अर्धवट राहिले. पुढचे रात्रशाळेत आणि ग्रंथसंग्रहालयात झाले. आयुष्य गेले ते टेम्पोचालक, क्लीनर आणि हमाल यांची संघटना बांधण्यात. तेव्हा अर्थशास्त्राच्या पंडिताप्रमाणे आम्हांला बोलता येणार नाही. परंतु ज्यांच्या खिशातून हा पैसा जातो त्यांच्याबरोबर आम्ही बसलो आहोत, एवढा अधिकार सांगता येईल.

नाक्यावरची स्थिती

ठाकूरद्वारच्या नाक्याचेच उदाहरण घ्या. जगन्नाथ शंकरशेट मार्ग, म्हणजे आपला जुना गिरगाव रोड, येथे आडव्या रस्त्याला छेदतो. एका अंगाला चर्नी रोड स्टेशन आणि समुद्र, दुसऱ्या अंगाला भुलेश्वर, काळबादेवी आणि त्यापलीकडचा सारा घाऊक बाजार. मधे झावबावाडी, फणसवाडी, मुगभाट अशा वाड्या. ह्या वाड्या बांधल्या तेव्हा माल बैलगाडीतून आणि डोक्यावरून येत असे. आज तेथे कापडाचे गठ्ठे घेऊन टेम्पो येतो, गॅसच्या टाक्यांची गाडी येते, दुधाची येते, बांधकामाची खडी येते, आणि ह्या सर्वांमधून पाठीवर चौकोनी पिशवी घेतलेला स्कूटरवाला पोरगा वाट काढीत जातो. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत सुरू झाली. गिरगाव आणि काळबादेवी ही स्टेशने उघडली. माणसे जमिनीखालून जाऊ लागली ही चांगली गोष्ट झाली. परंतु तांदळाचे पोते आणि शिवणयंत्र मेट्रोने जात नाही. मालाला वरचाच रस्ता हवा.

आणि माल आला नाही तर शहर जगत नाही. मालगाडी म्हणजे रस्त्यावरचे संकट, असे मोटारीत बसून म्हणणे सोपे आहे. त्याच मोटारवाल्याच्या घरी सकाळचे दूध आणि संध्याकाळचे औषध ती गाडीच पोचविते, हे विसरता कामा नये.

जयकरांची शिफारस

ज्या आडव्या रस्त्याचा उल्लेख केला त्याला बाबासाहेब जयकर मार्ग असे नाव आहे. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हे पुढे, १९४८ साली, पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, हे पुष्कळांना ठाऊक असते. ज्या विषयावर आपण बोलत आहोत त्याचा पाया हिंदुस्थानात त्यांनीच घातला, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. १९२७ साली सरकारने देशातील रस्त्यांचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष जयकर होते. मोटारी वाढत होत्या, रस्ते मोडत होते आणि ते दुरुस्त करण्याचा भार लोकल बोर्डांना झेपत नव्हता. समितीने १९२८ साली अहवाल दिला. त्याचे सार असे की, रस्ता हा साऱ्या देशाच्या हिताचा विषय आहे, आणि मोटारी ज्या प्रमाणात रस्ता वापरतात त्या प्रमाणात त्यांच्याकडून पैसा घेण्यास पेट्रोलवरील जादा कर हे योग्य साधन आहे. त्याप्रमाणे १९२९ च्या मार्चपासून पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा बसले आणि ती रक्कम निराळ्या रस्ता-निधीत जमा होऊ लागली.

ह्या योजनेतले मर्म ध्यानात घ्यावे. जो अधिक चालेल तो अधिक पेट्रोल जाळील, म्हणून तो अधिक देईल. आणि रस्त्यासाठी घेतलेला पैसा रस्त्यालाच लागेल. वापराप्रमाणे आकार आणि आकाराप्रमाणे खर्च, ही ती दोन तत्त्वे. पुढील सर्व चर्चेत ह्याच दोन कसोट्या आपण लावणार आहोत.

पेट्रोलवरच्या कराला एक मर्यादा आहे. पहाटे तीन वाजता रिकाम्या रस्त्यावरून गेलेली गाडी आणि सकाळी दहा वाजता ठाकूरद्वारच्या नाक्यावर अडकलेली गाडी, ह्यांच्यात तो कर मोठासा भेद करीत नाही. विजेवर चालणारी गाडी तर पेट्रोल जाळीतच नाही. म्हणून जयकरांच्या काळचे साधन आता पुरे पडत नाही.

मुंबईत आजवर कोणी दिले?

मुंबईला रस्त्याचे भाडे नवे नाही. शीवचा बंधारा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गव्हर्नर डंकन यांच्या कारकीर्दीत झाला. त्यावरून जाणाऱ्यास टोल द्यावा लागे आणि तो १८३१ साली उठला. माहीमच्या बंधाऱ्याची गोष्ट याच्या उलट. लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाई यांनी त्यासाठी १,५७,००० रुपये दिले आणि अट घातली की सरकारने येथे कोणाकडूनही टोल घेऊ नये. १८४५ च्या सुमारास बांधून झालेल्या त्या रस्त्यावरून आपण आजही फुकट जातो. अशा दानशूर बाई प्रत्येक पुलाला लाभत नाहीत, म्हणून कराचा विचार करावा लागतो.

पुढे जकात आली. शहरात येणाऱ्या मालावर ती नाक्यावर घेत. ती मालाच्या किमतीवर होती, रस्त्याच्या वापरावर नव्हती. परंतु मालाची गाडी नाक्यावर तासन्‌तास खोळंबून राही आणि खोळंब्याचे पैसे चालकाला कोणी देत नसे. महापालिकेला त्यातून अखेरच्या काळात वर्षाला सुमारे सात हजार कोटी रुपये मिळत. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात उठली. गाड्यांवरचा कर १९५८ च्या मोटार वाहन कर कायद्याने घेतला जातो. खाजगी मोटार तो नोंदणीच्या वेळी एकरकमी भरून मोकळी होते. मग ती वर्षभर घराखाली उभी राहो की रोज फोर्टात जावो, कर तेवढाच.

तिसरा प्रकार टोलचा. मुंबईतील उड्डाणपुलांच्या खर्चासाठी दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली आणि वाशी अशा पाच नाक्यांवर टोल बसला. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून ह्या पाचही नाक्यांवर हलक्या मोटारींना तो माफ झाला; जड मालगाड्यांना मात्र चालू राहिला. यापूर्वीही असेच घडले होते. ३१ मे २०१५ च्या मध्यरात्री राज्यातील बारा नाके बंद झाले आणि आणखी त्रेपन्न नाक्यांवर मोटारी व एस.टी. गाड्या सुटल्या, ट्रक सुटला नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस कोल्हापूरच्या जनतेने प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखाली दीर्घ लढा देऊन शहरातील रस्त्यांचा टोल पुरता रद्द करून घेतला.

मोटारवाल्याला मत आहे आणि आवाजही आहे, म्हणून तो सुटतो. ट्रकला मत नाही. एस.टी. सुटली हे योग्यच झाले; तीत गरीब मनुष्य बसतो. परंतु एका माणसाला घेऊन येणारी मोटार फुकट आणि शंभर घरांचे धान्य आणणारी गाडी पैसे भरणारी, हा न्याय कोणत्या कसोटीवर उतरतो? वापराच्या कसोटीवर तो अर्धाच उतरतो. कसा, ते आता पाहू.

झीज आणि अडवणूक

गाडी रस्त्याचे दोन प्रकारे नुकसान करते. एक झीज, दुसरी अडवणूक. ह्या दोहोंची सरमिसळ केल्याने पुष्कळ वाद उगाच माजतात.

झीज आसावर पडणाऱ्या वजनाने होते. अमेरिकेत इलिनॉय संस्थानात १९५८ ते १९६० ह्या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक रात्रंदिवस चालवून एक मोठा प्रयोग झाला. त्यातून निघालेला नियम इंजिनियर लोक आजही स्थूलमानाने वापरतात. आसावरचे वजन दुप्पट झाले तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही. दोनाचा चौथा घात, म्हणजे सोळापट होते. दोन टनी आसाच्या मानाने दहा टनी आस सहाशे पंचवीस पट झीज करतो. २०१८ साली आपल्या सरकारने चार चाकांच्या एकेरी आसावरची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. वजन आठवा हिस्सा वाढले. झीज ह्या नियमाने दीडपटीहून अधिक वाढली. तेव्हा झिजेपुरते पाहिले तर जड ट्रकने मोटारीपेक्षा कितीतरी अधिक द्यावे, हे आम्ही कामगारांचे प्रतिनिधी असूनही मान्य करतो. मात्र गाडीत किती भरावयाचे हे चालक ठरवीत नाही, माल पाठविणारा ठरवितो. कायद्यातही जादा वजनाचा दंड गाडी चालविणाऱ्याला तसाच ती चालवावयास लावणाऱ्यालाही सांगितलेला आहे. प्रत्यक्षात रस्त्यावर हाताशी सापडतो तो चालक.

अडवणुकीचे गणित वेगळे आहे. तेथे वजनाला महत्त्व नाही, जागेला आणि वेळेला आहे. हिशेबापुरते असे धरू की नाक्याजवळ एका दिशेने दोन गाड्या शेजारी शेजारी जाऊ शकतात, सिग्नलचा एक फेरा १२० सेकंदांचा आहे आणि त्यांत ४० सेकंद हिरवा दिवा मिळतो. हिरव्या दिव्यात एका ओळीतून साधारण दोन सेकंदांना एक गाडी सुटते. म्हणजे एका ओळीतून वीस, दोन ओळींतून चाळीस. आता एक टेम्पो कडेला दहा मिनिटे उभा राहिला. एक ओळ बंद झाली. दहा मिनिटांत पाच फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यात वीस गाड्या कमी सुटल्या, म्हणजे एकूण शंभर गाड्या मागे राहिल्या. त्यांत बस असेल, रुग्णवाहिकाही असेल. ह्या टेम्पोने रस्ता झिजविला नाही म्हटले तरी चालेल; अडवणूक मात्र शंभर गाड्यांची केली.

पण हाच हिशेब उभ्या राहणाऱ्या मोटारीलाही लागू आहे. साडीच्या दुकानापुढे मालकाची मोटार दोन तास उभी असते. टेम्पोवाला तिच्या बाहेरच्या अंगाला उभा राहतो, कारण आत जागाच नसते. दंडाची पावती टेम्पोवाल्याला येते. अडवणुकीचे भाडे घ्यावयाचे तर ते जागा अडविणाऱ्या प्रत्येकाकडून घ्यावे लागेल. मालगाडीला धरून मोटारीला सोडणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे होय.

इतर देशांचा अनुभव

गर्दीच्या वेळी गर्दीच्या जागी येण्याचे भाडे प्रथम सिंगापुराने बसविले. १९७५ च्या जूनमध्ये शहराच्या मध्यभागी सकाळी शिरणाऱ्या मोटारीला परवान्याची चिठ्ठी विकत घ्यावी लागे. मालगाड्या, बसगाड्या आणि चार माणसे बसलेली मोटार यांना माफी होती. १९८९ साली मालगाड्याही त्यात आल्या आणि १९९८ पासून चिठ्ठीऐवजी विजेच्या यंत्राने, वेळेप्रमाणे बदलणारा दर घेतला जाऊ लागला. लंडनने फेब्रुवारी २००३ मध्ये दिवसाला ५ पौंड आकार सुरू केला. २०२० साली तो १५ पौंडांवर गेला. स्टॉकहोमने २००६ मध्ये सात महिने करून पाहिले. गाड्या सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी झाल्या, लोकांचे मत घेतले आणि दुसऱ्या वर्षी ते कायम केले. आधी अनुभव आणि मग मत, हा क्रम आम्हांला फार शहाणपणाचा वाटतो.

न्यूयॉर्कने ५ जानेवारी २०२५ पासून मॅनहॅटनच्या दक्षिण भागात आकार बसविला. दिवसा मोटारीला ९ डॉलर, लहान मालगाडीला १४.४० आणि मोठीला २१.६० डॉलर, रात्री याच्या केवळ चौथा हिस्सा. पैसा भुयारी रेल्वे आणि बस यांच्या सुधारणेसाठी राखून ठेवलेला. स्वित्झर्लंडची तऱ्हा निराळी. तेथे २००१ पासून जड ट्रकचे वजन, त्याने तोडलेले अंतर आणि त्याचा धूर, तिन्ही मोजून आकार घेतात आणि त्याचा मोठा भाग डोंगराखालील रेल्वेच्या बोगद्यांना लावला गेला.

ह्यांतील चारही शहरांत एक गोष्ट समान आहे. कोणीही मालगाडीला भाडे लावून मोटारीला फुकट सोडलेले नाही. सिंगापुराने तर पहिली चौदा वर्षे उलटे केले.

पैसे अखेर कोणाच्या खिशातून जातात?

कर कोणावर बसविला आणि तो कोणी सोसला, ह्या दोन निराळ्या गोष्टी असतात. ॲडम स्मिथने १७७६ सालीच म्हणून ठेवले आहे की गाडीवरचा टोल गाडीवान भरतो खरा, पण तो मालाच्या किमतीत मिळवून अखेर गिऱ्हाइकाकडून वसूल होतो. शास्त्र म्हणून हे बरोबर आहे. परंतु त्यासाठी गाडीवानाच्या अंगी भाव वाढवून मागण्याचे बळ पाहिजे. मुंबईतल्या टेम्पोचालकाजवळ ते बळ नाही. त्याची गाडी हप्त्यावर घेतलेली असते, एका कंपनीला जोडलेली असते आणि त्याच्या मागे रिकाम्या गाड्यांची रांग उभी असते. त्याने दोनशे रुपये जास्त मागितले तर दुसरा तयार आहे. अशा ठिकाणी कर वर सरकत नाही, खाली झिरपतो.

आमच्या संघटनेकडे एकदा माल पोचविणाऱ्या एका कंपनीची काही माणसे महिन्याच्या हिशेबाचे कागद घेऊन आली. कंपनीचे नाव येथे घेत नाही. कागदावर कमाईचा एकच आकडा आणि त्याखाली वजावटीच्या ओळी: टोल, पार्किंग, चलन, उशिराबद्दल दंड. टोल लागला तो कंपनीने दिलेल्या मार्गावर. चलन लागले ते कंपनीने सांगितलेल्या दुकानासमोर गाडी उभी केल्याबद्दल. उशीर झाला तो ज्या कोंडीबद्दल टोल घेतात त्याच कोंडीमुळे. तिन्हींचे पैसे एकाच माणसाच्या मजुरीतून कापलेले. वाटाघाटीत आम्ही एवढेच विचारले की मार्ग, दुकान आणि वेळ तिन्ही तुम्ही ठरविता, मग भुर्दंड ह्याचा कसा? बऱ्याच बैठकांनंतर टोल आणि पार्किंग ह्या दोन ओळी निघाल्या, चलनाची राहिली. ह्यावरून कळेल की सरकारने सद्‌हेतूने बसविलेला आकारही कोठे जाऊन पोचतो.

यावर उपाय आपल्याच महाराष्ट्रात आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. हमालाला एक मालक नसतो. सकाळी एकाचे पोते, दुपारी दुसऱ्याचे. मग त्याची रजा, भविष्यनिर्वाह निधी, औषधपाणी कोणी पाहावे? कायद्याने मंडळ नेमले. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर ठराविक टक्के लेव्ही मंडळाकडे भरावयाची आणि मंडळाने कामगाराला सर्व हक्क द्यावयाचे. काम करवून घेणाऱ्यानेच भरावयाचे, हे तत्त्व घाऊक बाजारात तेव्हापासून चालत आले आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही मोबाईलवरून काम देणाऱ्या कंपन्यांनी आपल्या उलाढालीचा एक ते दोन टक्के भाग कामगारांच्या निधीत द्यावा, असे सांगितले आहे. तर मग रस्त्याचा आकारही मागणी घेणाऱ्या आणि माल पाठविणाऱ्या कंपनीच्या नावेच का निघू नये? फास्टॅगचे यंत्र २०२१ पासून सक्तीचे आहेच. गाडीवरचा टॅग कोणाच्या खात्याला जोडावयाचा, एवढाच प्रश्न आहे.

व्यापारी बंधू म्हणतील की महागाई वाढेल. हिशेब करू. एका टेम्पोत ८० नग आहेत आणि शहराच्या मध्यभागी येण्याचा आकार १०० रुपये ठेवला, तर नगामागे सव्वा रुपया पडतो. गिऱ्हाइकाला सव्वा रुपया जाणवणार नाही. तेच शंभर रुपये चालकाच्या दिवसाच्या कमाईतून कापले, तर त्याच्या घरी जाणवतील.

सिग्नल कोणाचा?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. सिग्नलचा दिवा आपोआप बदलतो असे दिसते, पण त्यामागे कोणीतरी वेळ वाटलेला असतो. जुना सिग्नल घड्याळाप्रमाणे चाले. गाडी असो नसो, ठरलेला वेळ ठरलेल्या दिशेला. नव्या सिग्नलला डोळे असतात. रस्त्याखाली पुरलेल्या तारेने किंवा कॅमेऱ्याने तो गाड्या मोजतो आणि वेळ कमीजास्त करतो. जागतिक बँकेच्या मदतीच्या नागरी वाहतूक प्रकल्पात मुंबईतील सुमारे अडीचशे चौकांवर अशी व्यवस्था बसविण्यात आली.

अशा सिग्नलला एखाद्या गाडीला मान देण्यास शिकविता येते. त्याच्या दोन साध्या रीती आहेत. बस जवळ आली असेल तर हिरवा दिवा काही सेकंद लांबवावयाचा. किंवा लाल असेल तर तो काही सेकंद आधी संपवावयाचा. झ्यूरिकमध्ये ट्राम चौकात आली की तिला फारसे थांबावे लागत नाही, ते ह्याच युक्तीने. आगीचा बंब आणि रुग्णवाहिका यांच्यासाठी तर सर्व दिशा थांबवून वाट मोकळी करतात. मुंबईत प्रत्यारोपणासाठी हृदय किंवा यकृत न्यावयाचे असते तेव्हा पोलिस अशी वाट करून देतात.

हा मान द्यावा कोणाला? गणित माणसांचे करावे, गाड्यांचे करू नये. बसमध्ये ५० माणसे आहेत आणि तिच्यासाठी हिरवा दिवा दहा सेकंद लांबविला, तर ५०० माणसी-सेकंद वाचले. आडव्या रस्त्यावर वीस गाड्यांत मिळून ३० माणसे थांबली असतील, तर त्यांचे ३०० गेले. समाजाचा नफा २०० चा. बसमध्ये दहाच माणसे असतील तर हा मान तोट्याचा. आणि तोच दहा सेकंदांचा मान एकट्या स्कूटरवाल्याला दिला, तर दहा वाचले आणि तीनशे गेले.

घरपोच माल देणाऱ्या कंपन्या आता दिवसांवरून तासांवर आणि तासांवरून मिनिटांवर आल्या आहेत. ज्याच्याजवळ पैसा आहे तो उद्या सिग्नलचा मानही विकत मागेल. आकार भरतो, मला हिरवा दिवा द्या, असे म्हणणे वरवर व्यवहाराचे वाटते. परंतु रस्त्याचे भाडे देणे वेगळे आणि रांगेतला नंबर विकत घेणे वेगळे. भाडे दिल्याने रस्ता वापरण्याचा हक्क मिळतो, दुसऱ्याला थांबविण्याचा मिळत नाही. काठी टेकीत रस्ता ओलांडणारी आजी कोणतीही पट्टी भरीत नाही. तिचे वीस सेकंद कोणाला विकावयाचे? फुकट मिळणाऱ्या वस्तूंत आज शहरात सर्वांना समान वाटली जाणारी एकच उरली आहे, ती म्हणजे लाल दिवा. मोटारवाला आणि हातगाडीवाला त्यापुढे सारखेच थांबतात. ती समता लिलावात काढू नये.

मालगाडीला सिग्नलचा मान मुळीच देऊ नये, असेही आम्ही म्हणत नाही. बंदराकडे जाणारा भरलेला ट्रक थांबून पुन्हा उठताना फार इंधन जाळतो आणि फार धूर सोडतो. अशा रस्त्यांवर रात्रीच्या वेळी सिग्नल ओळीने हिरवे मिळतील असे बांधले तर सर्वांचेच हित आहे. तो मान रस्त्याला आणि वेळेला द्यावा. कंपनीला देऊ नये.

आमची मागणी

तेव्हा ह्या विषयात नागरिकांनी कशाचा आग्रह धरावा, ते थोडक्यात सांगतो.

पहिले, मध्य भागात आकार घ्यावयाचा तर तो मोटारीपासून सुरू व्हावा. मालगाडीला दिवसा अधिक आणि रात्री नाममात्र असावा. दुसरे, हातगाडी, सायकल आणि डबेवाले यांना तो कधीही लागू नये. ते धूर करीत नाहीत आणि जागा थोडी घेतात. तिसरे, आकार माल पाठविणाऱ्याच्या खात्यातून जावा आणि मजुरीतून तो कापणे हा गुन्हा ठरावा. चौथे, त्या पैशाचा निराळा हिशेब ठेवून तो दरवर्षी छापावा, आणि तो बेस्टच्या बस, पदपथ व माल उतरविण्याच्या राखीव जागा यांवरच खर्च व्हावा. पाचवे, सिग्नलचा मान माणसांच्या संख्येवर आणि प्राणाच्या निकडीवर ठरावा.

चौथ्या मागणीबद्दल एक शब्द अधिक. ९ मे २०२५ रोजी बेस्टचे किमान भाडे पाच रुपयांचे दहा झाले. एकेकाळी चार हजारांहून अधिक गाड्या असलेल्या ह्या उपक्रमाकडे आज तीन हजारही नाहीत. बसला सिग्नलचा मान द्यावयाचा तर आधी बस आली पाहिजे. बस नाही आणि मोटारीला भाडे आहे, असे झाले तर लोक त्याला दंडच समजतील, आणि ते चूक होणार नाही.

रात्री माल उतरविण्याबद्दलही सावध राहिले पाहिजे. रस्त्याच्या दृष्टीने रात्र चांगली. पण रात्रीचे काम कोणीतरी माणूसच करतो. त्याला रात्रीची जादा मजुरी, उजेड, पिण्याचे पाणी आणि शौचालय मिळाले पाहिजे. नाहीतर दिवसाची कोंडी रात्री हमालाच्या पाठीवर नेऊन ठेवली, एवढेच होईल. ज्या वाडीत पोती उतरणार तेथील रहिवाशांच्या झोपेचाही विचार हवा. त्यासाठी ठराविक तास आणि ठराविक जागा आधी ठरल्या पाहिजेत.

शेवटी आपल्याकडे, म्हणजे गिऱ्हाइकाकडे, येऊ. घरबसल्या मागविलेली वस्तू जिना चढून वर येते, तिच्यामागे एक गाडी, रस्त्याचा एक तुकडा आणि एका माणसाचा वेळ असतो. ह्या तिन्हींची किंमत आज आपण देत नाही. गाडीची चालक देतो, रस्त्याची महापालिका देते आणि वेळाची सिग्नलपाशी खोळंबलेली बस देते. ती किंमत उघडपणे बिलात आली, थोडी का होईना, तर ती कोणाच्या ताटातून चोरून घ्यावी लागणार नाही. जयकरांच्या समितीने गॅलनमागे दोन आणे मागितले तेव्हाही कुरकूर झाली असेलच; पण त्या पैशाने रस्ते झाले. आज सव्वा रुपयाचा प्रश्न आहे. तो द्यावयास आपण तयार असलो, तर तो योग्य खिशातून घ्या आणि योग्य कामी लावा, असे महापालिकेला व सरकारला बजावून सांगण्याचा अधिकार आपल्याला प्राप्त होतो.